पाणीच तर आहे, काय बिघडतं?

आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने तीन कागद चिकटवलेले असायचे. दूधवाल्याचा हिशेब, गॅसच्या नंबराची चिठ्ठी आणि ‘पाणी प्रयोग’. तिसरा कागद झेरॉक्सची झेरॉक्स होत इतक्या हातांतून आला होता की अक्षरांच्या कडा झिजून गेल्या होत्या. सकाळी उठल्याबरोबर तोंड न धुता चार पेले पाणी प्यायचं, पुढे पाऊण तास काही खायचं नाही. खाली यादी. बद्धकोष्ठ १० दिवस, रक्तदाब ३० दिवस, मधुमेह ३० दिवस, क्षय ९० दिवस, कॅन्सर १८० दिवस. वर जपानचं नाव. ही १९८०च्या दशकातली गोष्ट. गेल्या महिन्यात तीच यादी, त्याच दिवसांसकट, माझ्या मोबाइलवर आली. आता तिच्यामागे सूर्योदयाचं चित्र आहे आणि खाली ‘दहा जणांना पाठवा, पुण्य मिळेल’ अशी ओळ आहे. चाळीस वर्षांत कॅन्सरचे १८० दिवस ना एकाने घटले ना एकाने वाढले. औषधं बदलली, तपासण्या बदलल्या, आत्या गेली, यादी मात्र ठणठणीत आहे.

बाजारपेठेच्या एका मोठ्या गावात माझं मेडिकल आहे. सत्तावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. ही यादी छातीठोकपणे खरी मानणारी माणसं मला फारशी भेटलेली नाहीत. भेटतात ती “पाणीच तर आहे हो, काय बिघडतं?” असं विचारणारी. पैसे पडत नाहीत, साइड इफेक्ट नाही, झाला तर फायदाच. सवाल बिनतोड वाटतो. पण काउंटरवर जे बिघडलेलं माझ्यासमोर येतं, त्यातलं बरंच याच सवालाच्या पोटातून आलेलं असतं.

माझे चुलते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचे. लघवी जवळपास बंद झालेली, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगात साठणार आणि पुढच्या खेपेला मशीन ते काढणार. डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटरचं माप घालून दिलं होतं, चहा आणि आमटी धरून. काकूने बाटलीवर मार्करने रेघा ओढल्या होत्या. नाश्त्याची रेघ, जेवणाची रेघ, रात्रीची रेघ. मे महिन्यात ते बर्फाचा खडा गालात धरून पंख्याखाली बसून राहायचे. एकदा एक स्नेही भेटायला आले. चांगले शिकलेले, मनाने सरळ. त्यांनी समजावलं की किडनी पाण्याने धुऊन निघते, डॉक्टर मुद्दाम पाणी तोडतात, म्हणजे मशीनचा धंदा चालू राहतो. तहानेने जीव कासावीस झालेल्या माणसाला हे पटायला कितीसा वेळ लागणार? दोन दिवसांत वजन चार किलोंनी वाढलं. रात्री दोनला आडवं होता येईना, छातीत घरघर, खाटेवर बसून श्वास ओढत होते. गाडी करून नेलं म्हणून वाचले. ते स्नेही दुसऱ्या दिवशी शहाळं घेऊन हजर. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणजे डायलिसिसच्या रुग्णाला ते साध्या पाण्याहून वाईट. काकूने काही न बोलता त्यांच्यादेखत ते शेजारच्या पोराच्या हातात दिलं.

हे टोकाचं उदाहरण आहे असं म्हणता येईल. मग रोजचं एक सांगतो. पंचेचाळिशीचे एक शिक्षक, माझे जुने गिऱ्हाईक. दोन लिटरची बाटली सायकलच्या हँडलला लटकवून फिरायचे. “मला आता पाण्याची गोडीच लागली. दिवसाला पाच लिटर सहज जातं,” असं अभिमानाने सांगायचे. वजनही उतरत होतं, तेही त्यांनी पाण्याच्याच खात्यावर जमा केलं. रात्री चार वेळा उठावं लागतं, ही तक्रार त्यांनी हसत केली तेव्हा मी त्यांना काउंटरवरच बोट पुढे करायला लावलं. साखर चारशेच्या वर. रक्तातली साखर एका पातळीपुढे गेली की ती लघवीतून पाणी ओढून नेते, आणि त्या ओढलेल्या पाण्याची भरपाई म्हणून तहान लागते. म्हणजे त्यांची ती गोडी हेच दुखणं होतं, आणि ते चांगली सवय म्हणून मिरवत होते. यादीत मधुमेहासमोर तीस दिवस लिहिलेत. हे गृहस्थ पाच महिने पाणी पीत होते.

त्या कागदात ना संशोधकाचं नाव, ना रुग्णांची संख्या, ना कुणाला पाणी दिलं आणि कुणाला दिलं नाही याचा पत्ता. पण पाण्याच्या चमत्काराला नावगाव असलेला एक माणूसही मिळाला होता, आणि त्याची कथा मला फार बोलकी वाटते. फेरेदून बातमनगेलिज हे लंडनमध्ये शिकलेले इराणी डॉक्टर. १९७९च्या क्रांतीनंतर तेहरानच्या एविन तुरुंगात पडले. पोटदुखीने तळमळणारा एक कैदी समोर आला, औषध काही नव्हतं, त्यांनी दोन पेले पाणी दिलं आणि दुखणं थांबलं. पुढे त्यांनी तुरुंगात हजारो अल्सरवाल्यांना पाण्याने बरं केल्याचा दावा केला. १९८३ साली त्यावर एका वैद्यकीय नियतकालिकात संपादकीय टिपण छापून आलं. सुटून अमेरिकेत गेल्यावर त्यांनी दम्यापासून पाठदुखीपर्यंत सगळ्याचं मूळ तहान हेच ठरवलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, एंडोस्कोपी नव्हती, पुन्हा पडताळणी नव्हती. पोटातलं आम्ल पाण्याने पातळ झालं की घटकाभर बरं वाटतं, हे कुणीही सांगेल. बरं वाटणं आणि बरं होणं यांत किती अंतर असतं ते याच काळात ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मोजलं जात होतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना अल्सरवाल्यांच्या जठरात एक जीवाणू सापडला होता, हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोक विश्वास ठेवेनात. १९८४ साली मार्शलने त्या जीवाणूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, एंडोस्कोपीत जठराला सूज दिसली, काढलेल्या तुकड्यात तेच जीवाणू. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आज माझ्या दुकानातून अल्सरच्या रुग्णाला चौदा दिवसांचा गोळ्यांचा कोर्स जातो आणि बहुतेकांचं दुखणं संपतं. एकाने दुसऱ्यांना पाणी पाजलं आणि निष्कर्ष काढून मोकळा झाला. दुसऱ्याने स्वतः घाण प्यायली आणि तरीही पुरावा दाखवल्याशिवाय कुणी त्याचं ऐकलं नाही. मला हा दुसरा खाक्या आवडतो.

पाण्याचा मी वैरी नाही. दिवसभरात माझाही तांब्या तीनदा रिकामा होतो. पाण्याचे काही फायदे चोख सिद्ध झालेले आहेत, फक्त ते यादीतल्यासारखे दिसत नाहीत. मुतखडा घ्या. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेले १९९ रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटाला भरपूर पाणी प्यायला सांगितलं, दिवसाला दोन लिटर लघवी व्हायला हवी एवढं. दुसऱ्या गटाला काही वेगळं सांगितलं नाही. पाच वर्षांनी पाण्याच्या गटात १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ जणांना. १९९६चा हा अभ्यास. तसंच लघवीच्या जंतुसंसर्गाचं. वारंवार त्रास होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या, निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी दिलं, वर्षभर पाहिलं. जादा पाण्याच्या गटात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, दुसऱ्या गटात ३.२ वेळा. हा २०१८चा. आणि त्याच वर्षी कॅनडात, किडनी मध्यम प्रमाणात बिघडलेल्या ६३१ रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावलं. त्यांची किडनी दुसऱ्या गटाच्या मानाने काही कमी वेगाने उतरली नाही. अपेक्षा होती, आकडा आला नाही, तसं छापलं गेलं.

खऱ्या दाव्याची ठेवण ही अशी असते. कुणाला, किती, किती दिवस, आणि किती जणांना उपयोग झाला नाही. पाणी पिऊनही १२ जणांना खडा झालाच, हे तिथे लपवलेलं नाही. यादीत कुणी उरतच नाही, सगळे बरे होतात. आणि एखादा झाला नाही तर? मग त्याने चार पेल्यांऐवजी तीन घेतले असतील, मध्ये चहा घेतला असेल, श्रद्धा कमी पडली असेल. दोष रुग्णाचा. कॅन्सर झालेल्या एका बाईंना त्यांच्या जावेने “तू कधी पाणीच प्यायली नाहीस ना,” असं म्हटलेलं मी ऐकलंय. फुकटच्या उपचाराची ही किंमत कुणी धरत नाही.

दिवसाला आठ पेले पाणी प्यायलंच पाहिजे, या नियमाचंही असंच झालंय. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने सांगितलं की माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. लगेच पुढे असंही म्हटलं होतं की यातलं बरंचसं शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर गेलं, दुसरं तिथेच राहिलं. हाइन्झ वाल्टिन या किडनीशास्त्राच्या अमेरिकी प्राध्यापकांनी २००२ साली या आठ पेल्यांचा शास्त्रीय आधार धुंडाळला, त्यांना तो मिळाला नाही. आपल्याकडे तर शिजलेल्या भाताच्या वजनात दोन तृतीयांश पाणीच असतं. वर वरण, आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर. कोकणात तापातून उठलेल्याला पेज देतात, ती तरी काय आहे? २०२२ मध्ये २३ देशांतल्या ५,६०४ माणसांच्या शरीरातली पाण्याची उलाढाल मोजून झाली. वय, हवामान, अंगमेहनत, वजन, बाई की पुरुष, गरोदर की नाही, या सगळ्यांप्रमाणे ती इतकी बदलते की सगळ्यांसाठी एकच आकडा सांगणं हास्यास्पद ठरावं. ऊसतोड कामगाराला आणि एसीत बसणाऱ्या कारकुनाला आठच पेले कसे पुरतील, किंवा लागतील? निसर्गाने तहान दिली आहे, ती बहुतेक निरोगी माणसांत चोख चालते. म्हाताऱ्यांत ती मंदावते, त्यांना आठवण करून द्यावी लागते. लहान मुलं खेळात विसरतात. उन्हात राबणाऱ्यांनी तहानेची वाट पाहू नये. बास, एवढंच.

अति पाणी वाईटच. निरोगी किडनी तासाला साधारण लिटरभर पाणी बाहेर टाकू शकते. त्यापेक्षा झपाट्याने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावून आलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं निघालं. उपाशी नव्हते, तहानलेले नव्हते, उलट धावताना वजन वाढण्याइतकं पाणी प्यायलेले त्यांत होते. आपल्याकडेही आता प्रत्येक तालुक्यात मॅरेथॉन भरते आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर स्वयंसेवक बाटली पुढे करून ओरडत असतात, “प्या, प्या!”

कुणी म्हणेल, आमच्या आयुर्वेदात उषःपान आहे. आहे. भावप्रकाशात सूर्योदयाच्या वेळी आठ प्रसृती, म्हणजे आपल्या भाषेत आठ पसे, पाणी प्यायला सांगितलंय आणि शंभर वर्षांच्या आयुष्याचं आश्वासनही दिलंय. पण त्याच परंपरेतला, त्याच्या कितीतरी आधीचा वाग्भट अष्टांगहृदयात काय म्हणतो? ज्यांचा अग्नी मंद आहे, ज्यांना पांडू (अंग फिकं पडणं), उदर (पोटात पाणी साठणं), अतिसार, मूळव्याध, ग्रहणी (पचनाचा जुना विकार), सूज आहे, त्यांनी पाणी पिऊ नये, राहवत नसेल तर थोडं प्यावं. आणि पुढे थेट निरोगी माणसालाच बजावतो: ‘पिबेत् स्वस्थोऽपि चाल्पशः’. शरद आणि ग्रीष्म सोडले तर धडधाकट माणसानेही बेतानेच प्यावं. वाग्भटाचं सगळं आज जसंच्या तसं घ्यावं असं मी म्हणत नाही. अतिसारात पाणी तोडणं तर आज जीवघेणं ठरेल. पण निदान तो प्रकृती विचारतो, ऋतू विचारतो, रोग विचारतो. परंपरेचं नाव घेऊन यादी पाठवणाऱ्याला त्यातलं फक्त आश्वासन तेवढं हवं असतं.

पाण्याने खरोखर चमत्कार केला तो १९७१ साली, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत. बांगलादेश युद्धातून लोंढे येत होते, कॉलरा पसरला होता, जमिनीवर माणसं ओकाऱ्या-जुलाबात पडलेली, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मापून पिशव्या भरल्या, नळाच्या पिंपांत ते पाण्यात विरघळवलं आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. छावणीतला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता. त्यांच्या वॉर्डांत तो ३.६ टक्क्यांवर आला. नुसत्या पाण्याने हे होत नाही. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि सोडियमच्या मागे पाणी जातं. ती जोडी नसेल तर पाजलेलं पाणी तसंच खाली निघून जातं. म्हणजे जिथे पाण्याने मेलेली माणसं उठवली, तिथे मीठ मोजलेलं होतं, साखर मोजलेली होती आणि प्रेतंही मोजलेली होती. महालनबीस २०२२ मध्ये गेले, दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या नावाचा एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.

इथे माझाही कबुलीजबाब. आज त्याच मीठ-साखरेच्या मिश्रणाच्या, म्हणजे ओआरएसच्या, लिटरभर पाण्याच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मधली काही वर्षं त्याच तीन अक्षरांचं नाव लावलेली फळांच्या चवीची गोड पेयं, त्याच्या कितीतरी पट साखरेची, माझ्या फ्रीजमध्ये होती. जुलाब लागलेल्या पोराच्या आईने ‘ओआरएस द्या’ म्हटलं की माझ्या पोऱ्याने पुडीऐवजी तो डबा दिलेला आहे. डब्यात मार्जिन जास्त होतं, खोटं कशाला बोलू? जादा साखरेने जुलाब वाढतात हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ही अक्षरं वापरायला मनाई केली. मी माझे डबे त्यानंतर हलवले. आधी नाही.

आता पाणी फुकट राहिलेलं नाही, हे त्या सवाल करणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या आग्रहावरून मी मंगल कार्यालयातल्या एका ‘आरोग्य संमेलना’ला गेलो. नाश्ता पोहे-जिलबी, समोर टेबलावर चकचकीत मशीन, किंमत पावणेदोन लाख, हप्त्याची सोय. कोट घातलेल्या तरुणाने काचेच्या पेल्यात नळाचं पाणी घेतलं, एका लहान बाटलीतले दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. “हे तुम्ही पोरांना पाजता,” तो म्हणाला. बायकांच्या रांगेतून चुकचुक ऐकू आली. मग मशीनच्या पाण्यात तेच थेंब. पाणी स्वच्छ. टाळ्या. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब, जांभळा रंग, हे अल्कली पाणी. मग गार पाण्यात चहाची पुडी बुडवली, रंग भराभर उतरला. अल्कलीत चहा गडद होतो, खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली तर आमच्या हंड्यातल्या पाण्यातही होतो. नंतर शरीर आम्लधर्मी झालं की कॅन्सर होतो, आणि हे शोधणाऱ्या ओटो वॉरबर्गना १९३१ साली नोबेल मिळालं, असं सांगून झालं. वॉरबर्गना नोबेल मिळालं हे खरं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधासाठी. पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि किडनी राखतात. जठरात आम्लाचा सामू दीड ते साडेतीन. पावणेदोन लाखांचं पाणी घशाखाली उतरलं की त्या आम्लात त्याचं अल्कलीपण क्षणात विरतं.

ती पहिली बाटली मी ओळखली होती. ऑर्थोटोलिडीन. गावोगावचं पाणी तपासणारे जलसुरक्षक तिला ओटी म्हणतात. पाण्यात क्लोरीन असेल तर ती पिवळी होते. म्हणजे तरुणाने विष म्हणून दाखवलेला तो पिवळा रंग गावाचं पाणी निर्जंतुक केलेलं असल्याची पावती होता. मशीनमधल्या कोळशाच्या फिल्टरने क्लोरीन काढून टाकलं होतं, म्हणून तिथे रंग आला नाही. अख्ख्या हॉलला सुरक्षिततेच्या खुणेची किळस यायला लावून तो मोकळा झाला.

मग अनुभवकथन. एक बाई उठून म्हणाल्या की त्यांची साखर साडेतीनशेवरून एकशेतीसवर आली. त्या माझ्या गिऱ्हाईक. त्यांच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडूनच जातात, आणि चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी डोस वाढवलेला. चहाच्या वेळी मी हळूच विचारलं, “गोळ्या चालू आहेत ना, वहिनी?” “चालूच आहेत की,” त्या निर्मळपणे म्हणाल्या. खोटं त्या अजिबात बोलत नव्हत्या. मशीन भाच्याने बसवलं होतं, हप्ते मुलगा भरत होता, गोळ्या आधीपासून होत्या. नव्या गोष्टीला श्रेय मिळतं, हा मनुष्यस्वभाव.

कायदा नाही असं नाही. १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह, कॅन्सर, क्षय धरून चोपन्न रोग आहेत, ज्यांच्यावर इलाज असल्याची जाहिरातच करता येत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांनी तर एजंटाने केलेल्या विक्रीच्या तक्रारींची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. पण त्या हॉलमध्ये वाटलेल्या रंगीत पत्रकावर एकाही रोगाचं नाव नव्हतं. रोग सगळे तोंडी होते, आणि तोंडं भाच्याची, मेव्हण्याची, शाळेतल्या मैत्रिणीची. तक्रार करायची तर घरातल्या माणसाविरुद्ध करायची. पुढच्या लग्नात समोरासमोर यायचंय. म्हणून मला वाटतं, अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी दुकानांवर येतात तसं अधूनमधून साध्या कपड्यांत या मंगल कार्यालयांतही येऊन पोहे खावेत. माझ्या दुकानाच्या परवान्याची चौकट भिंतीवर किती उंचीवर आहे ते बघायला त्यांना वेळ मिळतो, इथेही मिळेल. मावशीच्या फॉरवर्डमागे कायदा लावा असं मी म्हणणार नाही. मावशीला काही मिळवायचं नसतं.

एका गोष्टीचा मात्र मला खरा राग येतो. पाणी प्या म्हणून सांगणारे हजार, आणि पाणी का पिता येत नाही हे विचारणारं कुणी नाही. दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांतल्या बायका संध्याकाळी काउंटरवर येतात, पदर तोंडावर धरून हळू आवाजात सांगतात, “उन्हाळी लागलीय.” लघवीची जळजळ, ताप, कधी रक्त. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांखाली ठरलेली ओळ असते: भरपूर पाणी प्या. ओळ अगदी बरोबर आहे, वर सांगितलेल्या १४० स्त्रियांच्या अभ्यासाने ती शाबीतच केलीय. एकीला मी ती वाचून दाखवली तर ती म्हणाली, “पाणी पिलं की जावं लागतंय दादा. फडात जायचं कुठं?” दहावीच्या मुली सांगतात, शाळेतल्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून डबा खाताना दोनच घोट घेतात. एसटीच्या महिला कंडक्टर, चौकात उभ्या असलेल्या पोलीस शिपाई, कापड दुकानातल्या पोरी, सगळ्यांचं गणित एकच. मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ (लघवीला जाण्याचा हक्क) म्हणून लढा दिला, मुताऱ्या मोजल्या, महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. आरोग्यासाठी पाणी या विषयावरचं मला ठाऊक असलेलं सर्वांत शहाणं आंदोलन ते.

आणि जे पाणी प्यायचं ते कसलं? २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. २०२५च्या जानेवारीत पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसची, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या गुलियन-बारे सिंड्रोमची, साथ आली. दोनशेच्या वर रुग्ण, हातपाय लुळे पडलेले, काही जण व्हेंटिलेटरवर. तपासात कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. त्या भागातही कुणी ना कुणी पहाटे उठून चार पेले पाणी नेमाने पीत असणारच.

आमच्या गावचा जलसुरक्षक दर सोमवारी माझ्या दुकानावरून जातो. महिन्याचं मानधन किती विचारलं तर हसतो. पिशवीत काचेची नळी, ओटीची बाटली, चारशे पानी वही. नळाच्या टोकाला पाण्यात क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरलं पाहिजे, हे त्याला तोंडपाठ आहे. गेल्या सोमवारी त्याने माझ्याच दुकानामागच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, नळी उजेडाकडे धरली. आम्ही दोघं बघत राहिलो. मंगल कार्यालयात हॉलभर टाळ्या मिळवल्या असत्या असं पाणी होतं, एकदम स्वच्छ, पिवळ्याचा टिपूसही नाही. त्याने वहीत शून्य लिहिलं आणि नळी झटकली. टीसीएल पावडरचं, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं संपून नऊ दिवस झाले होते. मागणी दिलीय, म्हणाला, सरपंच बाहेरगावी आहेत.